छाप

‘ब्रँड’ हा शब्द आता आपल्या तोंडी इतका रुळला आहे, की त्यासाठी मराठीत एक चांगला कसदार शब्द होता याचाच आपल्याला विसर पडला. तो शब्द म्हणजे ‘छाप’. वाण्याच्या दुकानात जाऊन कुणी ब्रँड मागत नसे. घोडा छाप मागत, माकड छाप मागत, कंदील छाप मागत. विडी, काडेपेटी, दंतमंजन, चहा, कुलूप, प्रत्येक जिनसाच्या कपाळी कुठला तरी पशू, पक्षी नाहीतर भांडे लिहिलेले असे, आणि घरातले शेंबडे पोरदेखील त्याचे नाव सांगून बरोबर तोच पुडा घेऊन येई. इंग्रजी शब्दाचे मूळ डागणीत आहे. तापल्या लोखंडाने गुराच्या अंगावर उठवलेला डाग म्हणजे ब्रँड. हे जनावर माझे आहे, एवढेच तो सांगतो. आपला शब्द त्याहून सौम्य, पण मला वाटते, अधिक दूरचे पाहणारा आहे. छाप वस्तूवर उमटते आणि माणसावर पडते.

१९५१ च्या जनगणनेत या देशातले साक्षर लोक शंभरात अठराच्या आसपास होते. त्याच सुमारास, १९५१-५२ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मतपेट्यांवर बैलजोडी, झोपडी, झाड अशी चित्रे लावावी लागली. जे मताचे तेच मंजनाचे. ज्याला पुड्यावरचे अक्षर लागत नाही तो चित्रावर विसंबतो. परवा घेतलेला माल बरा निघाला, म्हणून आज तो तेच चित्र शोधतो. म्हणजे हे चित्र हे एक प्रकारचे वचन झाले. वचन देतो कारखानदार, घेते गिऱ्हाईक. आणि ते रंगरेषांत उतरवून देतो तिसराच कुणीतरी, ज्याची त्या गिऱ्हाइकाशी जन्मात गाठ पडत नाही. आता प्रश्न असा, की पुढे ते वचन मोडले तर त्याचा काही वाटा या तिसऱ्याच्या पदरी पडतो काय? की घोडा डौलदार काढला, त्याचे चारी पाय जागच्या जागी बसवले, म्हणजे तो मोकळा झाला?

सणासुदीला ही चिकित्सा कुठून काढली, असे कुणी म्हणेल. पण वर्षातली सर्वांत मोठी खरेदी आपण याच दिवसांत करतो. या आठवड्यात आपल्या घरात जितकी खोकी, डबे, पिशव्या आणि पुडे आले असतील, त्या प्रत्येकावरचे चित्र कुणीतरी बसून काढलेले आहे.

या तिसऱ्या माणसाविषयी आम्हा लेखक मंडळींच्या मनात एक तुच्छता असते. ती आधी बाजूला ठेवली पाहिजे. तो म्हणे पैशासाठी काढतो, दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढतो, आणि खाली सही करत नाही. तेव्हा तो कारागीर, कलावंत नव्हे. मला हे कधी पटले नाही. दिवाळी अंकाचा लेखक तरी काय, संपादकाने सांगितलेल्या विषयावर, सांगितलेल्या तारखेला, सांगितलेल्या लांबीचे लिहितोच की! हा अंक हातात घेतल्यावर वाचकांनी पहिल्याने पाहिले असेल ते मुखपृष्ठ. मराठी मुखपृष्ठाला ज्यांनी रूप दिले त्या दीनानाथ दलालांची गोष्ट पाहा. १९१६ साली मडगावात जन्मलेला हा माणूस जे. जे. स्कूलची पदविका घेऊन बाहेर पडला आणि मुंबईत त्याने स्वतःचा लहानसा स्टुडिओ थाटला. पुस्तकांची वेष्टने, कॅलेंडरे, जाहिराती, जे येईल ते काम. १९४५ साली त्यांनी ‘दीपावली’ हे वार्षिक सुरू केले, आणि १९७१ साली ते गेले तोवर मराठी घरातल्या माणसाला चित्र कसे पाहावे हे त्यांनी न शिकवता शिकवले होते. रघुवीर मुळगावकरांचे देव असेच. ती कॅलेंडरे कुठल्या ना कुठल्या मालाच्या जाहिरातीसाठी छापलेली. वर्ष संपले की खालच्या तारखा कापून लोकांनी वरच्या देवाला चौकट केली आणि देव्हाऱ्यात बसवले. विक्रीच्या कागदावरचा देव पूजेला चालला. आमच्या किती कादंबऱ्यांना असे भाग्य लाभले?

सत्यजित राय १९४३ साली कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीत महिना ८० रुपयांवर नोकरीला लागले. त्याच काळात ते सिग्नेट प्रेससाठी पुस्तकांची मुखपृष्ठे करत. विभूतिभूषणांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी काढलेली छोटी आवृत्ती त्यांच्याकडे चित्रांसाठी आली, आणि ती चित्रे काढता काढता १९५५ सालच्या त्या चित्रपटाचे बीज पडले. दुसऱ्याने सांगितलेले काम माणसाला त्याच्या स्वतःच्या दारापर्यंत असे नेऊन सोडते. आपल्या र. कृ. जोशींनी जाहिरातीच्या धंद्यात राहून अक्षराचा ध्यास घेतला. संगणकावर ‘मंगल’ या नावाने जे देवनागरी वळण लाखो लोक वाचतात ते त्यांचे. वाचणाऱ्यांना त्यांचे नाव ठाऊक नाही. अक्षर मात्र बिनबोभाट काम करते आहे.

तेव्हा सांगून केलेले काम खोटे, हा आक्षेप मी सोडून देते. खरा आक्षेप निराळा आहे.

माझ्या पहिल्या कादंबरीच्या मुखपृष्ठावर कमरेवर घागर घेतलेली एक देखणी तरुणी होती. साऱ्या कादंबरीत ना नदी, ना विहीर, ना घागर. कथा घडते ती एका तालुक्याच्या गावच्या कचेरीत, आणि नायिकेचे वय बावन्न. प्रकाशकांना मी तसे म्हटले. ते म्हणाले, “बाई, बावन्न वर्षांची बाई कोण विकत घेतं?” पुस्तक बरे खपले. मौज अशी, की एकाही वाचकाने ‘घागर कुठे आहे?’ असे पत्र पाठवले नाही. या प्रसंगाची मी पुष्कळ वर्षे चेष्टाच करत आले. पण त्यात एक काटा आहे. ते चित्र सुंदर होते. काढणाऱ्याच्या हातात कला होती. आणि ते चित्र माझ्या पुस्तकाविषयी खोटे बोलत होते.

सुंदर आणि खोटे या दोन गोष्टी एकत्र नांदूच शकत नाहीत, असे मानायचा मोह होतो. या धंद्यातले जाणते लोक सांगतात, की चांगले चित्र डोक्यातून निघत नाही, वस्तूकडे पाहण्यातून निघते. ती कशी बनते, कोण वापरतो, ती हातात कशी बसते, हे पाहत राहावे. एक दिवस तिच्यातच तिची खूण सापडते. मग पुढची पायरी अगदी सोपी वाटते: ज्याला वस्तू लपवायची आहे तो तिच्याकडे पाहू शकत नाही, म्हणून त्याचे चित्र मेलेले निघते. सच्चेपणा ही कलेचीच अट ठरली, की नीतीचा वेगळा प्रश्न उरत नाही! आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहायला वाक्य उत्तम आहे. पण ते खरे नाही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर शिकागोच्या लिओ बर्नेट कंपनीने मार्लबरो सिगारेटला एक राकट गुराखी दिला. तोवर ती सिगारेट बायकांची म्हणून विकली जात असे. तो घोडा, ती धूळ, तो माळ, आणि तोंडात सिगारेट धरलेला तो निवांत माणूस (गुरांना डागण्या देणारा तोच तो!) यांत कलेची काही उणीव होती असे म्हणवत नाही. साऱ्या जगावर त्याची छाप पडली. त्या जाहिरातींत दिसलेल्या पुरुषांपैकी काही पुढे फुप्फुसाच्या रोगाने गेले. आपल्याकडे २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाची दोन्ही बाजूंची ८५ टक्के जागा धोक्याच्या इशाऱ्यासाठी राखून ठेवावी लागते. चित्रकाराच्या हातातला एवढा कागद कायद्याने काढून घ्यावा लागला, याचा अर्थ उघड आहे. कला आपण होऊन तिथे थांबली नसती.

म्हणून कलेच्या गळ्यात ही राखण बांधण्यात अर्थ नाही. ती माणसालाच करावी लागते. कशी, याविषयी मला आढळलेला सर्वांत कामाचा विचार न्यूयॉर्कच्या मिल्टन ग्लेझरचा आहे. हा या धंद्यातला थोर माणूस. १९५४ साली मित्रांबरोबर त्याने ‘पुश पिन’ नावाचा स्टुडिओ काढला. ‘माझे न्यूयॉर्कवर प्रेम आहे’ असे सांगणारी, शब्दाच्या जागी लाल बदाम घातलेली जी खूण जगभर सदऱ्यांवर दिसते ती त्याने १९७७ साली एक पैसा न घेता करून दिली. २०२० साली, वयाच्या ९१ व्या वाढदिवशीच तो वारला. दांतेच्या काव्यावर चित्रे काढताना त्याच्या डोक्यात नरकाच्या वाटेचा विचार घोळू लागला, आणि त्यातून त्याने आपल्या विद्यार्थ्यांसाठी बारा प्रश्न तयार केले. पहिला असा: फळीवर मोठे दिसावे म्हणून खोके फुगवून काढाल का? पुढचा: संथ, कंटाळवाणा चित्रपट हलकाफुलका विनोदी वाटावा अशी त्याची जाहिरात कराल का? मग: कालपरवा निघालेली द्राक्षमद्याची पेढी फार जुनी वाटावी असे तिला राजचिन्ह काढून द्याल का? असे करत करत तो मुलांच्या साखरभरल्या, निःसत्त्व खाऊपाशी येतो, गुण न येणाऱ्या बारीक होण्याच्या औषधापाशी येतो, आणि बाराव्या प्रश्नाला विचारतो: जी वस्तू वारंवार वापरली तर वापरणारा मरू शकेल तिची जाहिरात कराल का?

या प्रश्नांची खरी करामत त्यांच्या अंतरात आहे. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीहून फक्त वीतभर खाली. बाराव्या पायरीवर उडी मारायला कुणी तयार होत नाही. पण पहिलीवर उभ्या असलेल्याला दुसरी काही खोल दिसत नाही, आणि दुसरीवरून तिसरी दिसत नाही. मला सगळ्यांत अवघड वाटते ती तिसरी. जुनेपणाचा आव आणलेल्या त्या राजचिन्हाने कुणाचे पोट दुखणार नाही, कुणी मरणार नाही. कायदाही तिथवर सहसा पोचत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने फसव्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि तिची भलामण करणाऱ्या नामवंतालाही दहा लाखांपर्यंत दंड ठेवला आहे, आणि तो योग्यच आहे. पण कायद्याला विधान पकडणे सोपे जाते. ‘हे शंभर वर्षांचे आहे’ असे लिहिले तर पकडता येईल. शंभर वर्षांचे दिसणारे चित्र काढले तर ते पकडणे अवघड.

माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात अशा एका स्टुडिओत आहे. आहे म्हणजे, चौघांनी मिळून तो चालवला आहे. एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या. दोघे चित्रे काढतात, एक मुलगी शब्द लिहिते, चौथा हिशेब ठेवतो आणि छापखान्यात खेटे घालतो. मी एकदा गेले होते, तेव्हा मसाल्याच्या पाकिटावरच्या ‘तिखट’ या शब्दातला ‘ख’ लांबून ‘रव’सारखा दिसतो की काय, यावर त्यांचा वाद चालला होता. तो सकाळी नऊला सुरू झाला होता आणि मी गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. याच अक्षरासाठी मी त्याला सहावीत असताना वहीभर ‘ख’ काढायला लावला होता. तेव्हा मला त्या वादात भारीच समाधान वाटले, हे कबूल करते. पाकिटाचा मसुदा भिंतीला लावून, खोलीच्या दारातून, मग जिन्यावरून, मग खाली रस्त्यावर जाऊन खिडकीतून ते पाहत होते. शेवटी औषधाच्या दुकानदाराला वर बोलावून त्याच्याकडून वाचून घेतले. चष्मा काढून.

अशा खोलीत एक गोष्ट मला फार जाणवली. मोठ्या कंपनीत खोटे वाटून घेतले जाते. एकजण बाजाराची पाहणी करतो, दुसरा कल्पना सुचवतो, तिसरा पाने काढतो, चौथा फुले, पाचवा रंग भरतो. प्रत्येकाच्या वाट्याला चिमूटभर येते, आणि चिमूटभर खोट्याने कुणाची झोप मोडत नाही. मी तर फक्त पान काढले, असे म्हणायची सोय असते. चौघांच्या खोलीत ही सोय नाही. तिथे प्रत्येकाला सगळे ठाऊक असते. दुसरीकडे हेही खरे, की ज्याच्या पदरी शंभर गिऱ्हाइके आहेत त्याला एक नाकारता येते; ज्याला महिनाअखेर दोन खोल्यांचे भाडे भरायचे आहे त्याने कोणत्या तोंडाने नाकारायचे? ज्याला परवडते त्याला सगळे ठाऊक नसते, आणि ज्याला ठाऊक असते त्याला परवडत नाही.

तर त्या स्टुडिओकडे दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या फराळाच्या खोक्याचे काम आले. चकली, शंकरपाळे, चिवडा, अनारसे. काम मोठे, भाड्याची सहा महिन्यांची काळजी मिटेल एवढे. गिऱ्हाइकाने काय हवे ते स्पष्ट सांगितले: खोक्यावर नऊवारीतली, पांढऱ्या केसांची आजी, चुलीपुढे बसलेली, मागे पितळी डबे आणि कोनाड्यात पणती. विद्यार्थ्याने आपल्या सवयीप्रमाणे आधी कारखाना पाहायचा हट्ट धरला. कारखाना स्वच्छ होता, माल चोख होता, तेल ताजे होते. आजी तिथे नव्हती. चूल नव्हती. भाजणी भाजायला यंत्र होते, पण चकल्या पाडायला आसपासच्या गावांतल्या तीसेक बायका लांब टेबलाशी उभ्या होत्या, डोक्याला टोपी, हातात मोजे, आणि त्यांचे हात असे फिरत होते की तो म्हणाला, “बाई, मी अर्धा तास नुसता हातच बघत उभा होतो. एकीची चकली दुसरीसारखी नव्हती. पाहिली की कुणाची ते त्या ओळखत होत्या.”

परत आल्यावर चौघांत वाजले. हिशेब ठेवणारा म्हणाला, आजीच्या चित्राने कोण फसतो? खोके दुकानातून विकत घेणाऱ्याला आत आजी नाही हे ठाऊकच असते. त्याला आजीची आठवण हवी असते, ती आपण देतो. यात पाप कसले? हा मुद्दा मला सहज उडवून लावता येत नाही. आपण सगळे ही आठवण मोजून पैसे देऊन विकत घेतो. ज्या घरात तळणीचा वास आता येत नाही त्या घरात पणतीशेजारी ते खोके ठेवताना आपल्याला ते चित्र हवेच असते. गिऱ्हाईकच जर खोट्याची मागणी करत असेल तर चित्रकाराने सोवळे का पाळावे? शब्द लिहिणाऱ्या मुलीने यावर जे म्हटले तेवढेच मी इथे देते. ती म्हणाली, “आजी काढली तर कुणी फसणार नाही, मान्य. पण त्या तीस बायका पुसल्या जातील. त्यांनी केलेली चकली आपण तिसरीच्याच नावावर लिहून देतोय.”

मला वाटते, तिसऱ्या पायरीवर नेमके काय चुकते हे त्या मुलीला आमच्याहून नीट दिसले. खाणारा फसत नसेलही. पण चित्र जेव्हा नसलेल्या माणसाला पुढे आणते तेव्हा असलेला माणूस मागे जातो. खोक्यावर जागा एकच असते.

त्यांनी दोन चित्रे नेली नाहीत, एकच नेले. गडद निळ्या पार्श्वभूमीवर सोऱ्या धरलेले दोन हात आणि त्यांखाली अर्धी पडलेली चकली, बस्स. मी ते पाहिले आहे. चांगले आहे. चकलीचे शेवटचे टोक अजून सोऱ्याला लटकलेले आहे, आणि ते तुटेपर्यंत आपण श्वास रोखून धरतो. गिऱ्हाईक सभ्य होता. त्याने चहा पाजला, चित्राची तारीफ केली, आणि काम दुसरीकडे दिले. आजी खोक्यावर आली. माल धडाक्याने खपला. पुढल्या वर्षी आजीच्या मांडीवर नातूही आला.

“मग आम्ही मिळवलं काय, बाई?” असे त्याने मला विचारले. मास्तरकीच्या सवयीने माझ्या तोंडाशी दोनतीन उत्तरे आली, पण ती सगळी दुसऱ्याच्या भाड्यावर उदार होणारी होती. मी विचारले, “ते काम गेल्याचा तुला पस्तावा होतो का?” तो थोडा वेळ गप्प राहिला. “होतो,” तो म्हणाला. “दर महिन्याच्या पाच तारखेला होतो.”

सध्या त्यांच्याकडे कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाचे काम आहे. पाकिटावर फुटलेले बोंड काढायचे. आजवरच्या सगळ्या पाकिटांवर ते नारळाएवढे असते, आणि विकत घेणारा शेतकरी आतले बी उगवेल की नाही हे पाकीट फोडून सांगू शकत नाही. कर्ज काढून आणलेले पैसे तो त्या चित्रासमोर मोजतो. ही पायरी तिसरीच्या पुष्कळ खाली आहे, आणि या वेळी चौघांत वाद झाला नाही. बोंड खऱ्याएवढेच काढायचे, असे त्यांनी गिऱ्हाइकाला काम घेण्याआधीच सांगितले, आणि आश्चर्य म्हणजे त्याने हो म्हटले. का ते अजून त्यांना कळलेले नाही. खरे बोंड केवढे असते हे चौघांपैकी कुणीच मोजलेले नाही. ते फुटू लागले, की पट्टी घेऊन दोघेजण यवतमाळकडे जाणार आहेत.